पांडुरंग सुखात्मे : पीक आणि भूक मोजणारा माणूस

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आज कुणी ना कुणी कृषी, जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकत असते. या मुलांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : गणित नको म्हणून बायॉलॉजी घेतले, तर तिथेही संख्याशास्त्र आडवे आलेच! या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची ओळख येथे करून देत आहोत.

सुखात्मे यांचा जन्म 27 जुलै 1911 रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून 1932 मध्ये गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. एगॉन पिअर्सन, येर्झी नेमन आणि रोनाल्ड फिशर हे तिघेही त्या काळी त्याच कॉलेजात होते. फिशर आणि नेमन यांचे आपसांत फारसे पटत नसे, पण सुखात्मे यांना दोन्हीकडून शिकता आले. 1936 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

मायदेशी परतल्यावर नोकरीच्या निमित्ताने त्यांची पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी भेट झाली, ती हकीकत प्रसिद्ध आहे. तुमच्या या विद्येचा इथल्या गरिबाला काय उपयोग, असे मालवीयांनी विचारले आणि सुखात्मे यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही, असे सांगतात. त्यांचे नंतरचे काम पाहिले की ते पटते.

1940 मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले. तेव्हा पिकाचा अंदाज बहुतेक ठिकाणी नजरेने, आणेवारीवर बांधला जाई. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून गावे निवडायची, गावातून शेते, शेतातून एक तुकडा, आणि तेवढेच कापून, मळून, वजन करायचे, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी देशभर रुजवली.

हा तुकडा केवढा घ्यावा, यावरून प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण त्यात खर्च आणि वेळ वाचतो. सुखात्मे यांनी शेतात प्रयोग करून दाखवले की तुकडा फार लहान असेल तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण साधे आहे. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौकोनात एका चौरस मीटरमागे चार मीटर कड येते, दहा मीटर बाजूच्या चौकोनात जेमतेम चाळीस सेंटिमीटर. म्हणून तुकडा लहान तसा फुगवटा मोठा. सूत्र बिनचूक असले तरी विळा धरणाऱ्या हाताची सवय हिशेबात न घेतल्यास उत्तर चुकते. दुष्काळाच्या आणि रेशनच्या त्या काळात असे चुकीचे उत्तर म्हणजे फक्त कागदावरचे धान्य.

इथे आपल्या इंदूरचा संबंध येतो. येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत डॉ. विनायक गोविंद पानसे कापसाच्या पैदाशीवर संख्याशास्त्राच्या अंगाने काम करीत होते. पुढे त्याच परिसरात कृषी महाविद्यालय उभे राहिले. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' हे पुस्तक 1954 मध्ये निघाले. देशातल्या कृषी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या 'पानसे-सुखात्मे' म्हणत त्यावरच शिकल्या.

1951 पासून सुमारे दोन दशके सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. जगात उपाशी किती, हे मोजण्याची रीत त्यांनी तिथे बसवली. 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी सर्वांत वादग्रस्त काम केले. अमेरिकेतील शेल्डन मार्गन यांच्यासोबत त्यांनी मांडले की निरोगी माणसाची ऊर्जेची गरज रोज सारखी नसते. आजचा शरीराचा ताळेबंद कालच्यावर अवलंबून असतो आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेते. म्हणून सरासरी गरजेखाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नये, रेषा आणखी खाली हवी. या मॉडेलने उपाशी लोकांची संख्या बरीच कमी दिसू लागली.

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यावर कठोर टीका केली. आहारतज्ज्ञांचाही आक्षेप होता : थोड्या निरोगी माणसांवरून काढलेला नियम खंगलेल्या मजुराला आणि वाढत्या मुलाला कसा लावायचा? कमी खाऊन तगणारा माणूस हालचाल आणि वाढ यांत किंमत मोजत असतो. आम्हाला हा आक्षेप वजनदार वाटतो. मात्र सुखात्मे भूक नाकारत नव्हते. नुसते धान्य वाढवून भागणार नाही, स्वच्छ पाणी आणि स्वच्छता नसेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, हेही ते आग्रहाने सांगत होते.

28 जानेवारी 1997 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रेषा कुठे ओढायची, हा वाद अजून संपलेला नाही. आज कॉम्प्युटर क्षणात मॉडेल बसवून देतो, पण आकडा कुणी, कुठे आणि कसा गोळा केला, हे त्याला ठाऊक नसते. ते विद्यार्थ्यानेच विचारायचे असते.

मंडळातील ज्येष्ठांच्या कपाटात 'पानसे-सुखात्मे'ची जुनी प्रत असेल, तर ती यंदा परीक्षेला बसणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती जरूर द्यावी.