कमलाबाई निंबकर

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी नावाची लहानशी वस्ती आहे. गडावर दूध घालण्यास जाणाऱ्या हिरकणीची कथा तुम्हांस ठाऊकच आहे. अशा वाडीतील एखाद्या गवळणीचा हात मोडला, तर डॉक्टर हाड सांधून देतात. सूज उतरते, वेदना थांबतात. परंतु बोटे ताठरलेली राहतात आणि धार काढण्यासाठी मूठ वळत नाही. दुखणे गेले खरे, पण त्याबरोबर तिची उपजीविकाही गेली! अशा हाताला त्याचे काम परत मिळवून देणाऱ्या विद्येस व्यवसायोपचार म्हणतात. ही विद्या शिकविणारी भारतातील पहिली शाळा ज्यांनी काढली, त्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन होत्या.

त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. १९०० साली न्यू जर्सी येथे एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली त्या भारतात आल्या, कमला झाल्या आणि येथल्याच होऊन राहिल्या.

चाळिशी उलटल्यावर बहुतेक माणसे पाटी-पुस्तक दूर ठेवतात. कमलाबाईंनी मात्र त्या वयात ते पुन्हा हाती घेतले. व्यवसायोपचार शिकण्यासाठी त्या अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या शाळेत दाखल झाल्या. हे शिक्षण वाटते तितके सोपे नव्हे. शरीरातील हाडे, स्नायू व मज्जातंतू यांची रचना शिकावी लागते. रोग्याचे मन ओळखावे लागते. शिवाय विणकाम, सुतारकाम यांसारखी कामे स्वतःच्या हातांनी यावी लागतात. मग रुग्णालयात प्रत्यक्ष रोग्यांबरोबर काम करावे लागते, तेव्हा कोठे विद्यार्थी उपचारक ठरतो.

हे सर्व पुरे करून कमलाबाई मुंबईस परतल्या. येथे या विद्येचे नावही फारसे कोणी ऐकले नव्हते. माग चालविणारा रोगी पाहून त्याचा वेळ घालविण्याची ही युक्ती आहे, असेच कोणासही वाटावे. पण धोटा फेकताना त्याचा आखडलेला खांदा मोकळा होत असतो. रंध्याच्या मुठीला प्रथम जाड कापड गुंडाळतात. बोटे जसजशी मिटू लागतात, तसतसे ते उलगडीत नेतात. नुसता व्यायाम रोगी कंटाळून सोडतो. हातातले काम मात्र त्याला पुरे करावेसे वाटते.

१९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाईंची शाळा सुरू झाली. ते ठिकाणही किती योग्य! सभोवती गिरण्या होत्या आणि त्यांत राबणारे कितीतरी कामगार कोकणातून आलेले होते. ज्याचा हात गेला, त्याच्या गावाकडील चुलीलाही त्याची झळ पोहोचे.

१९५२ साली कमलाबाईंच्या पुढाकाराने अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघ स्थापन झाला. त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. पुढे नागपूरलाही हे शिक्षण सुरू झाले.

१९७९ साली कमलाबाईंचे निधन झाले. फलटण येथील एका शाळेस त्यांचे नाव दिलेले आहे.