वालचंद हिराचंद यांची जुनी ‘लॉयल्टी’

५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. १९६४ पासून तो पाळला जातो. चेन्नईच्या दक्षिणेला सिरुसेरीत मी नोकरीनिमित्त राहतो. तिथून जवळच, उत्तंडीला, भारतीय सागरी विद्यापीठ आहे. त्यामुळे या दिवसाची आठवण इकडे सहज होते. पण या तारखेमागे एक जुने जहाज आणि सोलापूरचा एक माणूस आहे, हे आपल्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. म्हणून, कॅडेट मित्रांनो, या वेळी वालचंद हिराचंद यांच्याविषयी लिहितो.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. कुटुंब गुजराती जैन, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वालचंद यांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बांधकामाचे ठेके घ्यायला सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे त्यांचे सुरुवातीचे काम. समुद्राशी त्यांचा संबंध नव्हता. पण मजुरी, माल आणि मुदत यांचा हिशेब त्यांना पक्का येत होता.

१९१९ साली त्यांच्या कानावर आले की मुंबईत ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकायचे आहे. हे जहाज मूळचे कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९० मध्ये इंग्लंडात बॅरो येथे ते पाण्यात उतरले आणि पुढे प्रशांत महासागरात कॅनडा ते जपान, हाँगकाँग अशा फेऱ्या करू लागले. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ते विकत घेतले आणि जखमी सैनिकांसाठी तरते रुग्णालय केले. ‘लॉयल्टी’ हे नाव तेव्हाचे. वालचंद यांच्यापुढे ते आले तेव्हा त्याचे वय जवळजवळ २८ वर्षे होते.

इतके जुने जहाज का घ्यावे? युद्धात पाणबुड्यांनी असंख्य जहाजे बुडवली होती. नवे जहाज बांधून मिळायला बराच काळ लागला असता. मालवाहतुकीचे दर चढलेले होते. जुने जहाज मात्र डोळ्यांसमोर उभे होते. शिवाय आपल्या किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. इथल्या तमिळ मुलांना व. उ. चिदंबरम पिळ्ळै यांचे नाव चांगले माहीत असते. त्यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला स्वदेशी जहाज कंपनी काढली. १९०८ मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले आणि पुढे ती कंपनी मोडली. हा दाखला ताजा असतानाही वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी पुढे झाले. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंद स्वतः त्या जहाजावर होते.

जुन्या नावेचा खर्च कसा वाढतो हे समजायला मोठे जहाजच पाहायला हवे असे नाही. सिरुसेरीच्या पूर्वेला कोवलमच्या किनाऱ्यावर कोळी फायबरच्या होड्या वाळूवर ओढून दुरुस्त करताना दिसतात. एक चीर बुजवायला घेतली की शेजारचा भाग पोकळ निघतो. इंजिन उघडले की दोन सुटे भाग आणखी लागतात. आणि होडी वाळूवर आहे तितके दिवस मासळी नाही. म्हणजे दुरुस्तीचा एक खर्च आणि बुडालेल्या दिवसांचा दुसरा.

‘लॉयल्टी’चे गणित याच जातीचे, फक्त आकडे प्रचंड. जहाज सुमारे ५,९०० टनांचे. ते टपाल आणि प्रवासी वेगाने नेण्यासाठी बांधलेले होते, आणि वेगाला कोळसा फार लागतो. रुग्णालयाचे पुन्हा प्रवासी जहाज करायचे, म्हणजे आतली रचना बदलायची. जुन्या जहाजाचे बॉयलर आणि तळाचे पत्रे सतत तपासावे लागतात. त्यातच युद्धानंतरची तेजी ओसरली आणि वाहतुकीचे दर कोसळले. ‘लॉयल्टी’ कंपनीला परवडेना. १९२१ मध्ये ते जहाज उभे करून ठेवले गेले आणि १९२३ मध्ये भंगारात निघाले.

मला वालचंद यांचा मोठेपणा इथे दिसतो. ज्या जहाजामुळे कंपनी जन्माला आली, त्याच्या मायेत ते अडकले नाहीत. जहाज सोडले, पण जहाजाचा धंदा सोडला नाही. लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणले, कंपनी विकत घेण्याचाही प्रयत्न केला. ती विकली गेली नाही. पुढे झालेल्या करारात सिंदियाने किती टनांची जहाजे ठेवायची यावर ७५,००० टनांची मर्यादा आली. ती अट जाचक होती, तरी कंपनी टिकली.

जुने विकत घेऊन फार दूर जाता येत नाही, जहाजे इथेच बांधली पाहिजेत, या दिशेने ते पुढे गेले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. १९४२ च्या एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले, तरी कारखाना उभा राहिला. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेले ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. त्याआधी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साह्याने त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता. तोच आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा आरंभ. तुमच्यापैकी जे हवाई दलात जातील, त्यांचा या नावाशी रोजचा संबंध येईल.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंद यांचे निधन झाले.

‘लॉयल्टी’चा खर्च वाया गेला का? वहीत पाहिले तर जहाज तोट्यातच गेले. पण आपले लोक समुद्रापार जहाज चालवू शकतात, हे त्याने दाखवले. मुलांनो, तुम्हीही कधी जुनी होडी, जुनी मोटारसायकल किंवा बंद पडलेला रेडिओ दुरुस्तीला घ्याल. जरूर घ्या, हात त्यानेच तयार होतो. मात्र खर्च पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, आणि ती वस्तू सोडायची वेळ आली की शिकलेले सोबत घेऊन पुढच्या कामाला लागा.