टॉम मॉरिस

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या सागरतीरावरील गावी १८२१ साली टॉम मॉरिस यांचा जन्म झाला. अ‍ॅलन रॉबर्टसन या नामवंत खेळाडूच्या हाताखाली ते गोल्फचे चेंडू करण्यास शिकले. कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून हे चेंडू करीत. पुढे गटापर्चाचे स्वस्त चेंडू निघाले. त्यामुळे आपला धंदा बुडेल, अशी धास्ती रॉबर्टसन यांना वाटू लागली. टॉम नव्या चेंडूने खेळले, हे कळताच ते रागावले आणि गुरुशिष्यांची ताटातूट झाली.

१८५१ साली टॉम प्रेस्टविक येथे गेले. तेथे त्यांनी १२ खळग्यांचे मैदान आखले. त्याच मैदानावर १८६० साली ‘ओपन’ स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी ते दुसरे आले. परंतु खचले नाहीत. १८६१, १८६२, १८६४ व १८६७ साली त्यांनी अजिंक्यपद मिळविले. अखेरच्या विजयाच्या वेळी ते ४६ वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी त्यांचा पुत्र धाकटा टॉम अजिंक्य ठरला. तोही चार वेळा जिंकला. पण १८७५ साली, अवघ्या २४ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. हे दुःख उरात ठेवून वृद्ध पिता सेंट अँड्र्यूजचे मैदान निष्ठेने राखीत राहिला.

१९०८ साली टॉम मॉरिस निवर्तले. त्या मैदानावरील अठराव्या खळग्यास त्यांचेच नाव आहे.