जॉन हंटर

पडलेल्या दांताच्या जागीं दुसरा दांत बसवावा, ही मनुष्याची इच्छा फार पुरातन आहे. तिला प्रयोगाची कसोटी लावणाऱ्यांत शस्त्रवैद्य जॉन हंटर याचें नांव ठळकपणें घ्यावें लागतें.

त्याचा जन्म १७२८ सालीं स्कॉटलंडांत ईस्ट किलब्राइड गांवाजवळ झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो तेरा वर्षांचा असतां वडील वारले. शाळेंत त्याचें मन कधीं रमलें नाहीं; रानांत पशुपक्षी न्याहाळण्यांत मात्र तो गढून जाई. १७४८ सालीं तो लंडनास वडील बंधु विल्यम याच्या शारीरशास्त्राच्या शाळेंत मदतीस गेला व शवच्छेदनांत लवकरच निष्णात झाला. पुढें सैन्यांत चाकरी करून १७६३ सालीं परतल्यावर त्यानें कांहीं काळ एका दंतवैद्याबरोबर काम केलें. १७७१ सालीं मानवी दांतांवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला.

हंटरनें नुकताच उपटलेला मानवी दांत कोंबड्याच्या तुऱ्यांत रोवला. कांहीं महिन्यांनीं तो तुऱ्याशीं घट्ट जडलेला आढळला. पुष्कळ प्रयत्नांत हें एकदांच साधलें, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें. तरीहि एका मनुष्याचा दांत दुसऱ्याच्या जबड्यांत जगेल, असा त्याचा ग्रह झाला. धनिकांसाठीं गरिबांचे दांत विकत घेण्याची चाल तेथें पूर्वींपासून होती. हंटरच्या मोठ्या नांवानें तिला प्रतिष्ठा लाभली. एकाचा दांत न जुळल्यास दुसऱ्याचा मिळावा, म्हणून अनेक जण जवळ तयार ठेवावे, असेंहि तो सुचवी. पोटासाठीं निरोगी दांत उपटून देणाऱ्या त्या जिवांच्या वेदनेचा हिशेब कोणी ठेवला नाहीं! बसविलेले दांत बहुधा कांहीं वर्षांतच गळून पडत. क्वचित् त्यांबरोबर रोगहि येई. हा दोष दांताचा आहे, हें हंटरनें मानलें नाहीं. इतरांच्या मतांविषयीं सदैव शंका घेणारा हा शोधक स्वतःच्या मताविषयीं शंका घेण्यास चुकला.

खरें उत्तर पुढें स्वीडनांत सांपडलें. १९५२ सालीं ब्रोनेमार्क नांवाचा वैद्य सशांच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होता. हाडांत बसविलेली टिटॅनियम धातूची नळी त्यास काढतां येईना, कारण हाड तिला अगदीं चिकटून वाढलें होतें. १९६५ सालीं त्यानें त्याच धातूचे स्क्रू प्रथम एका रुग्णाच्या जबड्यांत बसविले. या रीतींत हाड स्क्रूशीं एकजीव होण्यास कांहीं महिने दिले जातात, व मग त्यावर कृत्रिम दांत चढवितात. आतां त्यासाठीं कोणा गरिबाचा दांत उपटावा लागत नाहीं.

हंटर १७९३ सालीं लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत एका सभेच्या वेळीं अकस्मात् मरण पावला. त्यानें जमविलेले सुमारें चौदा हजार नमुने पुढें सरकारनें विकत घेतले. देवीची लस देणारा एडवर्ड जेन्नर हा त्याचाच शिष्य.

विद्यार्थिमित्रांनो, हंटरची जिज्ञासा व परिश्रम आपण अवश्य घ्यावे. परंतु ज्या ज्ञानासाठीं दुर्बळ शेजाऱ्यास दुःख सोसावें लागतें, तें ज्ञान अद्याप अपुरें आहे, हेंहि त्याच्या चरित्रावरून शिकावें.