प्राचार्यांची खुर्ची सोडून अंगणात

घोलवड स्टेशनला उतरलं की आधी बोर्डी लागते, बोर्डीच्या पुढे झाई आणि झाईच्या पलीकडे गुजरात. चिकूच्या वाड्या, मच्छीमारांची वस्ती, लांबलचक किनारा. लोक तिथे पिकनिकला जातात आणि परत येतात. पण शिक्षणातला एक मोठा प्रयोग याच पट्ट्यात झाला, हे आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मॉन्टेसरी हे नाव पाठ होतं, ताराबाई मोडक हे नाव नव्हतं!

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्न करून अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट, पदरी लहान मुलगी. त्या काळात बाईने हे निभावून नेणं म्हणजे काय, याची आपण फक्त कल्पनाच करू शकतो.

पुढे त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार, मान, बंगला, सगळं जागच्या जागी. आपल्यापैकी कुणी अशी पोस्ट सोडली असती का? त्यांनी सोडली. भावनगरला वकिली सोडून मास्तर झालेले गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. १९२३ मध्ये ताराबाई तिथे रुजू झाल्या. कॉलेजच्या पोरींऐवजी समोर आली अडीच-तीन वर्षांची पोरं. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंत ठीक होतं, पण ही शाळा शहरातल्या पोटभर जेवणाऱ्या मुलांची होती. खेड्यातल्या मुलांचं काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी तलासरीकडे वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केलं होतं, म्हणजे प्रदेश कसा होता ते लक्षात येईल. सोबतीला पस्तिशीच्या अनुताई वाघ होत्या, स्वतः बालविधवा.

बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. ती येणार तरी कशी? घरी धाकटं भावंड सांभाळायचं, आई-बाप कामावर. आपल्याकडे वर्ग रिकामा दिसला की सर डिफॉल्टर लिस्ट लावतात. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात पाच-दहा पोरं गोळा करायची, आधी अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हतीच. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती. मोजायला शिंपले काय आणि परदेशी मणी काय, दहा ते दहाच! माझ्या मते त्यांचं सगळ्यात जबरदस्त इंजिनिअरिंग हेच.

१९५६-५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, नाव विकासवाडी. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी तर शाळाच कुरणात, म्हणून कुरणशाळा. गुरं चरतात, पोरं शिकतात. बालवाडीच्या शिक्षिकाही इथेच तयार होत, मुलांच्या सोबतीने.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबाड मात्र अनुताईंनी सोडलं नाही. १९९२ पर्यंत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, त्या तिथेच होत्या.