याकोब वेनराईट यांचे चरित्र

आपला देश सोडून परक्या देशी गेलेल्यांची चरित्रे पवित्र शास्त्रात पुष्कळ आहेत. अब्राहाम आज्ञा झाली म्हणून ऊर नगराहून निघाला. योसेफाला भावांनी विकले म्हणून तो मिसरात गेला. रूथ मात्र आपल्या मनाने निर्णय करून सासूबरोबर बेथलेहेमास आली. कोणी विकले म्हणून, कोणी पाठविले म्हणून आणि कोणी स्वतः ठरविले म्हणून देश सोडतो. हे तिन्ही प्रसंग ज्यांच्या एकाच आयुष्यात आले, असे एक गृहस्थ आपल्या नाशिकच्या शाळेतून पुढे गेले. त्यांचे नाव याकोब वेनराईट. त्यांच्या नावाचा उल्लेख डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या बहुतेक चरित्रांत सापडतो. परंतु ज्या नाशिकने त्यांना वाढविले, तेथील खेड्यापाड्यांत ते फारसे कोणास ठाऊक नाहीत. यास्तव त्यांची हकीकत येथे देत आहोत.

बालपण व शरणपूर

याकोब हा जन्माने याओ जातीचा. या लोकांची वस्ती पूर्व आफ्रिकेत न्यासा सरोवराच्या आसपास आहे. त्या काळी अरब व्यापारी त्या मुलखातून माणसे धरून किनाऱ्यावर आणीत व जहाजांत कोंबून विकावयास नेत. लहान याकोबही असाच विकला गेला. त्याला आईबापांनी दिलेले नाव त्या विक्रीबरोबरच मागे पडले. सुदैवाने गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी समुद्रावर फिरणाऱ्या इंग्रज आरमाराने त्याला सोडविले. अशा सोडविलेल्या पुष्कळ मुलांना त्या वेळी मुंबई बंदरात उतरवीत असत.

या मुलांचे करावे काय, हा मोठाच प्रश्न होता. घरी पाठवावे तर घर कोठे हे त्यांना सांगता येईना. आणि सांगता आले, तरी तेथे नेताच ती पुन्हा धरली जाण्याचे भय. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रे. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिक शहराबाहेर ख्रिस्ती लोकांचे एक गाव वसविले होते. आश्रयाचे स्थान म्हणून त्याला शरणपूर हे नाव मिळाले. आज शहर वाढून ती जागा नाशिकच्या पोटात आली आहे, परंतु नाव तेच राहिले आहे. येथेच आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रम होता. त्यांना लिहिणे-वाचणे शिकवीत, आणि सुतारकी, लोहारकी असे हातचे धंदेही शिकवीत. याकोबाचा बाप्तिस्मा झाला व इंग्रजी लिहिण्यात तो चांगला तयार झाला. मायभूमीपासून हजारो मैल दूर, गोदावरीच्या काठी, त्याला दुसरे घर मिळाले.

नाशिकचा निरोप

या मुलांना परत आफ्रिकेस नेण्याची कल्पना हळूहळू पुढे आली. १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर व जॉर्ज डेव्हिड हे मोंबासाजवळच्या मिशनच्या कामास गेले. पुढील वर्षी डॉ. लिव्हिंग्स्टन स्वतः नाशिकास आले आणि आश्रमातील नऊ तरुण त्यांनी बरोबर घेतले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांजिबारास निघाली.

या नऊ जणांत अब्राहाम नावाचा एक तरुण होता. प्रवासात त्याच्या जन्माचा मुलूख लागला आणि तेथे त्याचा एक जवळचा आप्त त्याला भेटला. त्याच्या मागे त्याची आई व दोघी बहिणी याही अरबांना विकल्या गेल्या, हे त्याला त्या वेळी कळले. आप्ताने त्याला राहण्याचा फार आग्रह केला. लिव्हिंग्स्टन यांनीही तेथेच राहावे असे सुचवून मदत देऊ केली. परंतु जेथे आई नाही व बहीण नाही, तेथे कोणासाठी राहावयाचे, असे म्हणून तो पुढे चालता झाला. वाचकहो, स्वदेश म्हणजे केवळ तेथील माती नव्हे. तेथे आपली वाट पाहणारे कोणी असावे लागते, हे या अनाथ मुलाने ओळखले होते.

या नऊ जणांविषयी सर्वच चांगले सांगता येत नाही. काही कंटाळले, काही मागे राहिले, काही मरण पावले. आणि लिव्हिंग्स्टन यांनीही त्यांच्यावर पुष्कळदा रोष केला. तथापि गार्डनर व माब्रुकी यांच्यासारखे काही अखेरपर्यंत त्यांच्याजवळ राहिले.

पुढे लिव्हिंग्स्टन यांचा काही ठावठिकाणा लागेना, तेव्हा त्यांच्या साहाय्यास मंडळी पाठविण्याचे ठरले आणि १८७२ साली नाशिकच्या आश्रमाकडे पुन्हा मागणी आली. या वेळी सहा तरुण निघाले. त्यांत याकोब व त्यांचे बंधू जॉन वेनराईट हे होते. ते झांजिबारास पोहोचले, त्या सुमारास स्टॅन्ली हे लिव्हिंग्स्टन यांना भेटून किनाऱ्यावर परत आले होते. ती मोहीम मोडली. परंतु स्टॅन्ली यांनी माणसांची एक टोळी उभी करून लिव्हिंग्स्टन यांच्याकडे धाडली, तीत हे सहा जण सामील झाले. येथून मागे फिरण्यास त्यांना सबळ कारण होते. तरी ते पुढे गेले आणि ऑगस्ट १८७२ मध्ये उन्यान्येंबे येथे डॉक्टरसाहेबांस मिळाले.

चितांबोच्या गावी

पुढील आठ महिने पाऊस, दलदल व दुखणे यांत गेले. मे १८७३ च्या आरंभी, आज झांबिया म्हणतात त्या देशात, चितांबो नावाच्या नायकाच्या गावी एका झोपडीत लिव्हिंग्स्टन यांचे देहावसान झाले. बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत ते त्यांच्या माणसांस आढळले.

आता काय करावे? किनारा हजार मैलांहून अधिक दूर होता. शव तेथेच पुरून आपापल्या वाटेने जाण्यास कोणी हरकत घेतली नसती. परंतु सुसी व चुमा या जुन्या सेवकांच्या पुढारीपणाखाली सर्वांनी असा निश्चय केला की, साहेबांना त्यांच्या लोकांकडे पोहोचवावयाचे. लिहिणारे म्हणून याकोबांनी मागे राहिलेल्या सामानाची यादी केली. शवातील काळीज व आतडी काढून ती एका मोठ्या झाडाखाली पुरली, तेव्हा प्रेतसंस्काराची उपासना याकोबांनीच वाचली. तेथे पाळक नव्हता, मंदिर नव्हते. नाशिकच्या शाळेत शिकलेला एक तरुण तेवढा होता. मग त्यांनी त्या झाडावर साहेबांचे नाव व तारीख कोरली.

शव सुमारे चौदा दिवस उन्हात वाळवून कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळले. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब मिसरात मेला, तेव्हा त्याच्या पुत्रांनी त्याचे शव असेच टिकवून कनानात नेले होते, हे वाचकांस आठवेलच. येथे याकोब नावाचाच एक मनुष्य दुसऱ्याचे शव घेऊन निघाला.

वाट कठीण होती. बरोबरच्यांपैकी कित्येक आजाराने वाटेत मरण पावले. ऑक्टोबरात उन्यान्येंबे येथे लेफ्टनंट कॅमेरून भेटले. त्यांनी शव तेथेच पुरावे असा सल्ला दिला, परंतु या मंडळींनी तो मानला नाही. पुढे प्रेत आपल्या हद्दीतून जाऊ देण्यास लोक तयार होईनात. तेव्हा प्रेत परत पाठविले असे दाखवून त्यांनी खरे शव व्यापाराच्या कापडाच्या गाठोड्यासारखे बांधले व ते निभावून नेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो बंदरास पोहोचले. तेथे इंग्रज अधिकाऱ्यांनी शव ताब्यात घेतले आणि माणसांना पगार देऊन निरोप दिला.

चर्च मिशनरी सोसायटीने भाडे भरल्यामुळे याकोबांस मात्र शवाबरोबर विलायतेस जाता आले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला. शवपेटीसोबत मानाने चालणाऱ्या आठ जणांत स्टॅन्ली यांच्यासारख्या प्रसिद्ध पुरुषांबरोबर याकोब वेनराईट होते. त्या थडग्यावरील शिळेवर, शव आणणाऱ्या विश्वासू हातांचा उल्लेख आहे. नावे मात्र नाहीत.

पुढील आयुष्य

येथे चरित्र संपले असते तर ते गोड झाले असते. परंतु खरे चरित्र असे सोयीच्या जागी संपत नाही. विलायतेत काही महिने याकोबांस सभांतून बोलावीत व त्यांचे कौतुक करीत. नंतर ते पूर्व आफ्रिकेस परत गेले.

याच सुमारास नाशिकच्या आश्रमाचे दिवसही भरले. मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी खटपट केल्यावर १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. आता सोडविलेल्या गुलामांस आफ्रिकेतच ठेवावे असे ठरून प्राइससाहेब मोंबासास गेले व खाडीपलीकडे फ्रिअरटाउन ही वसाहत त्यांनी उभारली. नाशिक व मुंबईकडील सुमारे दीडशे आफ्रिकन ख्रिस्ती लोक या कामासाठी तिकडे गेले. कित्येकांनी आपले सारे जाणते आयुष्य इकडेच काढले होते. ते स्वदेशी परतले असे लोक म्हणत. पण मोंबासाच्या लोकांनी त्यांना मुंबईचे म्हणूनच ओळखले. पगार व मान यांवरून गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटकेही उडाले. तरी पुष्कळ टिकले. जोन्स व सेम्लर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी सेवकाईची दीक्षा दिली. आणि त्याच वर्षी बिशपांचा बुसोगात वध झाल्यावर, मागे राहिलेल्या मंडळीस जोन्स यांनीच परत आणले.

याकोबांचे तसे झाले नाही. मोंबासाच्या मिशनमध्ये त्यांचे फार काळ जमले नाही. ते आत मुलखात गेले. युगांडाचा राजा मुटेसा याच्या दरबारीही काही काळ होते. अखेर १८९२ साली उरांबो येथे त्यांचे देहावसान झाले. ज्यांनी दुसऱ्याचे शव समुद्रापार त्याच्या लोकांत पोहोचविले, त्यांना स्वतःला मात्र मरतेवेळी आपले म्हणावे असे गाव उरले नव्हते.

बोध

आजही नाशिक जिल्ह्यातील आपल्या गावांतून तरुण मंडळी मुंबई, पुणे, गुजरात व त्याहूनही दूर जाण्याचा विचार करीत असतात. आणि जावे की राहावे, असा प्रश्न उपदेशकास विचारतात. याकोबांच्या चरित्रावरून एकच उत्तर सर्वांस देता येणार नाही. अब्राहाम नावाचा तो तरुण जन्मभूमीत असूनही राहिला नाही, आणि त्याने चूक केली असे कोण म्हणेल? जोन्स व सेम्लर गेले, रुजले आणि मंडळीचे पाळक झाले. याकोब गेले, मोठे काम त्यांच्या हातून झाले, पण ते काम संपल्यावर त्यांच्यासाठी दुसरे काम किंवा बिऱ्हाड कोणी योजले नव्हते.

म्हणून जाणाऱ्याने तो देश चांगला की हा, एवढेच तोलू नये. तेथे कोणते काम आहे, ते काम सरल्यावर आपण कोणाचे असू, आणि आजारात व मरणात जवळ कोण असेल, हेही आधी विचारावे. याची उत्तरे मिळत असतील, तर दूर जाण्यात भय नाही. मिळत नसतील, तर केवळ नावासाठी वा कोणी बोलाविले म्हणून निघणे शहाणपणाचे नव्हे.

आणि पाठविणाऱ्यांसही एक शब्द सांगणे अवश्य आहे. तरुणास हार घालून, प्रार्थना करून वेशीपर्यंत पोहोचविले म्हणजे मंडळीचे कर्तव्य संपत नाही. त्याच्या ठिकाणच्या मंडळीस पत्र द्यावे, वर्षातून एकदोनदा विचारपूस करावी, आणि तो रित्या हाताने परत आला तरी त्याच्यासाठी घराचे दार व मंदिरातील जागा मोकळी ठेवावी. याकोबांस विलायतेत टाळ्या पुष्कळ मिळाल्या. त्यांना खरी गरज होती ती अशा एका दाराची.