धुनेमागचा निर्वासित

मुंबईच्या चाळींपासून नांदेड-हिंगोली रस्त्यावरील वारंगा फाट्यासारख्या ठिकाणांपर्यंत, ज्या काळी दिवस रेडिओने उजाडत असे त्या काळी पहिले स्वर कानी येत ते आकाशवाणीच्या धुनेचे. खाली तानपुऱ्याचा अखंड नाद आणि वर व्हायोलिनची आर्त सुरावट. या रचनेचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते वॉल्टर कौफमान मात्र कोट्यवधी श्रोत्यांना अपरिचितच राहिले.

१९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाद येथे एका ज्यू कुटुंबात कौफमान यांचा जन्म झाला. बर्लिन आणि प्राग येथे त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले. आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझी चळवळीत असल्याचे कळताच त्यांनी हाती येऊ घातलेली डॉक्टरेट नाकारली. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोपात आपल्याला भवितव्य उरलेले नाही, हे ओळखून १९३४ साली ते मुंबईत उतरले.

येथे त्यांनी हात जोडून बसणे पत्करले नाही. काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता हे त्यांचे सहकारी होते. १९३७ ते १९४६ या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. हिंदुस्थानी गायन प्रथम ऐकले, तेव्हा त्यांना त्याचा काहीच बोध झाला नाही. परंतु जे संगीत लक्षावधी माणसांना प्रिय आहे ते अर्थहीन कसे असेल, उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, असे मानून त्यांनी अभ्यास आरंभिला.

१९३९ साली युद्ध पेटले आणि निर्वासितांवर विचित्र प्रसंग ओढवला. हिटलरने ज्यांना देशोधडीला लावले होते, त्यांतील अनेकांना ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून अहमदनगरच्या छावणीत डांबले. पुढे चौकशीअंती बहुतेकांची सुटका झाली. कौफमान यांच्या पत्नी गेर्टी या विख्यात लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची. गेर्टींच्या मातोश्री एली यांना १९४१ साली लोड्झच्या ज्यू वस्तीत नेण्यात आले. त्या परतल्या नाहीत. मुंबईत संसार सावरत असता मागे राहिलेले माहेर असे नाहीसे होत होते.

१९४६ साली कौफमान यांनी भारत सोडला. पुढे कॅनडातील विनिपेग येथे त्यांनी वाद्यवृंदाचे संचालन केले आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकी केली. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली आणि दक्षिणेतील रागांवरील १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

निर्वासितांचा प्रश्न निघाला की त्यांना पोसण्याचा खर्च तेवढा मांडला जातो. त्या हिशेबाच्या वहीत जमेची बाजूही असते. ती लिहिण्यास वेळ लागतो, आणि पुष्कळदा तेथे नाव घालावयाचे राहून जाते.